जुन्या कोरोलात सुपरचार्ज्ड इंजिन बसवताना इंटरकूलर कसा लावावा

टोयोटाची एई८६ कोरोला ऑस्ट्रेलियात ‘स्प्रिंटर’ नावाने विकली गेली, आणि तीही ४ए-सी हे कार्ब्युरेटरवालं साधं इंजिन घेऊन. तिकडच्या हौशी लोकांनी मग ते काढून जपानी हाफ-कटमधलं (जपानहून आलेल्या, अर्ध्या कापलेल्या जुन्या गाडीतलं) ४ए-जीझेडई इंजिन बसवायला सुरुवात केली. १५८७ सीसी, पट्ट्यावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा एससी१२ सुपरचार्जर, आणि १९८६ साली टोयोटाच्याच एमआर२ या स्पोर्ट्स गाडीत आलं तेव्हा १४५ पीएस (अश्वशक्ती). ब्लॉक ४ए घराण्यातलाच, त्यामुळे इंजिन थोड्याफार खटपटीने बसतं. अडतो तो इंटरकूलर, म्हणजे सुपरचार्जरमधून तापून आलेली हवा गार करणारी रेडिएटरसारखी जाळी. मेलबर्न-सिडनीकडच्या एखाद्या मराठी माणसाच्या गॅरेजात ही गाडी उभी असेल, तर पुढचं त्याच्यासाठी.

आधी कागदपत्रं. व्हिक्टोरियात अशा बदलाला व्हॅस या गाड्यांचे बदल तपासण्याच्या योजनेतल्या इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. पत्रा कापण्यापूर्वी त्याला विचारा, नंतर नव्हे. भारतात मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं कलम ५२ आडवं येतं, त्यामुळे पुण्या-मुंबईत रस्त्यावरच्या गाडीवर हा उद्योग नको.

इंटरकूलर हवाच का?

हा रूट्स जातीचा, म्हणजे दोन फिरत्या रोटरांनी हवा ढकलणारा, सुपरचार्जर हवा दाबतो त्यापेक्षा जास्त तापवतो. बाहेर ३० अंश असताना हवेचा दाब दीडपट केला, तर तिचं तापमान ९० ते १०० अंशांवर जातं. ठीकठाक इंटरकूलर ते ५० च्या आसपास आणतो. तेवढ्याने हवा पंधरा टक्क्यांच्या आसपास दाट होते. ताकदीचा फायदा आहेच, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते नॉकिंग (सिलिंडरमधल्या मिश्रणाचा आपोआप भडका उडणं) टळणं, कारण पिस्टन फुटतात ते त्यानेच.

एमआर२ चं इंजिन सीटच्या मागे असतं आणि मूळ इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसतो. एई८६ च्या बॉनेटखाली त्याला तिथेच ठेवलं तर वारा मिळत नाही, उलट इंजिनाची धग लागते. बॉनेटला मोठं भोक पाडून स्कूप (वारा आत घेणारं तोंड) लावणारे आहेत. माझं मत ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या पुढे.

इंजिन आधी नुसतंच ठेवून पाहा

बॅटरी सोडा, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवा. इंजिन माउंटवर बसवा, पण वायरिंग जोडू नका. रेडिएटर, पंखा, बॉनेटची कडी, हॉर्न सगळं जागच्या जागी लावा. आता पुठ्ठ्याचा इंटरकूलर कापा: साधारण ४५० मिलिमीटर रुंद, २०० उंच, ६५ जाड. दिवसभर हा पुठ्ठा इकडेतिकडे सरकवण्यात गेला तरी चालेल. बॉनेट दहा वेळा बंद करून बघा. बंपरच्या आतली मजबुतीची पट्टी मात्र कापायची नाही.

खरा प्रश्न कोअरपेक्षा, म्हणजे इंटरकूलरच्या जाळीपेक्षा, नळ्यांचा आहे. या इंजिनात थ्रॉटल (पायाने उघडणारी हवेची झडप) सुपरचार्जरच्या आधी असतो, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतची सगळी जागा आधी भरावी आणि मग रिकामी व्हावी लागते. आतून ५७ मिलिमीटर व्यासाची एक मीटर नळी म्हणजे अडीच लिटर हवा, आणि इंजिन दर फेऱ्याला जेमतेम ०.८ लिटर ओढतं. नळ्या लांब-जाड केल्या की पाय उचलला तरी इंजिन चटकन खाली येत नाही. तेव्हा ५० मिलिमीटरच्या आसपासची नळी आणि सर्वांत जवळचा रस्ता. सहाशे पीएसच्या गाडीचा कोअर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

बसवणं

कोअर रबरी बुशांवर टांगा. कडक बोल्टने आवळलेल्या कोअरची कानं कालांतराने तडकतात, आणि रेडिएटरच्या टाकीवर त्याचं वजन टाकणं तर वेडेपणाच. ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून जागेवरच खुणा करा, वेल्डिंगचे टाके मारून घ्या आणि मग टिग वेल्डिंगवाल्याकडे न्या. प्रत्येक टोकाला बाहेर उठलेलं कडं हवंच. नाहीतर होज दाबाखाली सुटतो. कापलेल्या कडा कानशीने घासा आणि आतला बुरा झाडून टाका.

इंजिन जोर लावताना आडवं डुलतं. म्हणून प्रत्येक नळीत इंजिनाजवळ एक आणि कोअरजवळ एक, असे दोन सिलिकॉन होज ठेवा, टी-बोल्ट क्लॅम्पसकट. बॉनेट, पट्टा, पंखा यांपासून दोन-अडीच सेंटिमीटर मोकळी जागा सोडा.

कोअर जुना असेल तर आतून डिग्रीझरने धुवा, पालथा घालून पूर्ण वाळवा. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) आलेलं तेल आत साचलेलं असतं, आणि ते ज्वलनात गेलं की नॉकिंगला आमंत्रण. फुटलेल्या इंजिनावरचा कोअर फुकट मिळाला तरी घेऊ नये. धातूचे कण धुऊन निघत नाहीत.

मग कंटाळवाणं काम: कोअरच्या चारही बाजूंच्या फटी पत्रा आणि फोमने बुजवा. हवा नेहमी सोपी वाट शोधते. फट दिसली की ती कोअरला टाळून बाजूने निघून जाते, आणि मागचा रेडिएटरही तापतो.

गळती आणि चाचणी

सुपरचार्जरच्या बाजूचं नळीचं टोक टायरचा व्हॉल्व्ह बसवलेल्या टोपणाने बंद करा, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्याच्या) बाजूचंही घट्ट बुजवा. कंप्रेसरने ०.५ ते ०.७ बार हवा भरा, साबणाचं पाणी लावा. फेस आला की क्लॅम्प सोडून पुन्हा बसवा. नुसता आवळून उपयोग नाही. इथे गळती दुहेरी त्रास देते. आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो मीटर सगळ्यांत आधी बसतो, त्यामुळे दाबात मोजलेली हवा बाहेर जाते आणि मिश्रण गडद होतं (पेट्रोल जास्त), तर आयडलला, म्हणजे गाडी उभी राहून इंजिन नुसतं चालू असताना, निर्वातात न मोजलेली हवा आत येते आणि ते पातळ होतं (पेट्रोल कमी).

तापमानाचा सेन्सर कोअरनंतरच्या नळीत आणि त्याचा काटा डॅशवर लावा. मूळ सेन्सर एअरफ्लो मीटरमध्ये असल्याने कोअरनंतरची गरमी इंजिनाच्या संगणकाला कळतच नाही. कोअरच्या आधी आणि नंतर दाबही मोजा. पूर्ण जोरात फरक ०.१ बारच्या वर जात असेल तर कोअर किंवा एखादं वळण अरुंद आहे.

टाकीत ९८ ऑक्टेन भरा. पहिली फेरी हलक्या पायाने, मग दोन-तीन जोरकस झेपा आणि लगेच थांबून बॉनेट उघडा: होज सरकलेत का, नळी कुठे घासलीय का. शंभरेक किलोमीटर झाल्यावर गार इंजिनावर सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा आवळा. सुपरचार्जरची पुली बदलून दाब वाढवायचा मोह होईल; इंधनाचं नियंत्रण नीट जमेपर्यंत मूळ पुलीच राहू द्या.