रात्री आपोआप जागा होणारा डेस्कटॉप : माझा अनुभव

विंडोज ११ असलेला माझा डेस्कटॉप रात्री स्लीप मोडमध्ये टाकला, तरी तासाभरात पंखे सुरू होऊन तो आपोआप जागा होत असे. प्रथम मला माउसचा संशय आला. परंतु तो काढून ठेवल्यावरही फरक पडला नाही. अखेर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेला ‘लास्टवेक’ हा पर्याय जोडून पाहिला, तेव्हा संगणकाला शेवटचे जागे करणारे उपकरण म्हणून नेटवर्क कार्डाचे नाव समोर आले. स्लीपमध्ये रॅमला वीज मिळत राहते आणि परवानगी दिलेली असल्यास नेटवर्क कार्डही येणारी माहितीची पाकिटे (पॅकेट्स) तपासत राहते, त्यामुळे घरातील नेटवर्कवरच्या साध्या हालचालीनेही संगणक उठू शकतो. ही परवानगी पूर्णपणे काढणे मला योग्य वाटले नाही, कारण दुसऱ्या खोलीतील लॅपटॉपवरून डेस्कटॉप जागा करण्याची सोय मला हवी होती. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर, केवळ मॅजिक पॅकेटनेच (संगणक जागा करण्यासाठी मुद्दाम पाठवलेल्या खास पाकिटानेच) संगणक जागा व्हावा, या पर्यायावर खूण केली. त्यानंतरही एकदा तो पहाटे ३ वाजता उठला. ‘पॉवरसीएफजी’ला ‘वेकटायमर्स’ हा, ठरलेल्या वेळी संगणक जागा करणारी कामे दाखवणारा पर्याय जोडला, तेव्हा त्याने मीच नेमलेले बॅकअपचे काम दाखवले. त्या कामाची वेळ बदलून संध्याकाळी ७ केली.