मजकुरातून आकृती बनवताना या चुका टाळा

चौकटी माउसने ओढत बसायचं नाही. कशाचा कशाशी संबंध आहे ते चार ओळींत लिहायचं आणि आकृती सॉफ्टवेअरकडून काढून घ्यायची. ग्राफव्हिझ हे १९९१पासून करत आलं आहे, प्लँटयूएमएल २००९ मध्ये आलं आणि मर्मेड २०१४ मध्ये. तिन्ही मुक्त-स्रोत आहेत आणि तिघांची लिहिण्याची रीत वेगळी आहे, तरी नव्या माणसाचं घोडं बहुतेक वेळा ठरावीक ठिकाणीच अडतं.

जागेसाठी झगडणं

सर्वात जास्त वेळ याच चुकीत जातो. आकृती तयार होते, पण एखादी चौकट नको तिथे बसते. मग माणूस अदृश्य बाण घालतो, लेबलात रिकाम्या जागा भरतो, अंतराचे आकडे बदलत राहतो. त्याऐवजी इंजिन जागा कशी ठरवतं ते एकदा समजून घ्यावं.

ग्राफव्हिझचं डॉट इंजिन आधी प्रत्येक नोड (म्हणजे आकृतीतली चौकट) कितव्या थरात जाईल ते ठरवतं. बाण वरून खाली जावेत, हा त्याचा आग्रह. मग बाणांची एकमेकांवरून होणारी काटाकाटी कमी व्हावी म्हणून थरातला क्रम लावतं आणि शेवटी नेमक्या जागा काढतं. आता हे तीन संबंध पाहा:

त्रुटी -> अर्ज
अर्ज -> छाननी
छाननी -> त्रुटी

हे चक्र आहे, म्हणजे सगळेच बाण खाली जाऊ शकत नाहीत. एक तरी वर न्यावाच लागतो. कोणता न्यायचा हे ठरवताना डॉट फाइलमध्ये आधी आलेल्या नोडपासून सुरुवात करतं. म्हणून इथे त्रुटी सर्वात वर जाऊन बसते आणि अर्ज तिच्या खाली. पहिली ओळ उचलून शेवटी ठेवली की अर्ज वर येतो. याहून पक्का उपाय म्हणजे परतीच्या बाणाला ‘कन्स्ट्रेंट’ हा गुणधर्म ‘फॉल्स’ देणं. तो बाण मग आकृतीत दिसतो, पण थर ठरवताना मोजला जात नाही. दोन चौकटी एका रांगेत हव्या असतील तर ‘रँक’ला ‘सेम’ द्या. एवढं करूनही आकृती आवाक्यात येत नसेल तर ती मोठी झाली आहे असं समजून सरळ दोन आकृत्या करा. दहा अदृश्य बाण घातलेली फाइल पुढच्या बदलाला हमखास कोलमडते.

मर्मेडमध्ये अशीच एक खोच आहे. उपगटाला (एकत्र बांधलेल्या काही नोडांना) स्वतःची दिशा दिलेली असते, पण आतल्या एकाही नोडचा बाहेरच्या नोडशी थेट बाण असला तर ती दिशा दुर्लक्षित होते आणि मुख्य आकृतीची दिशा लागू होते. बाण आतल्या नोडला न जोडता संपूर्ण उपगटालाच जोडला की दिशा टिकते.

ग्राफव्हिझमध्ये उपगटाभोवती चौकट येत नसेल तर त्याचं नाव तपासा. नावाची सुरुवात ‘क्लस्टर’ या शब्दाने, अर्थात रोमन अक्षरांत, झाली नाही तर डॉट चौकट काढत नाही आणि चूकही दाखवत नाही.

लेबल आणि नावं

सिंटॅक्स एररचा, म्हणजे लिहिण्याच्या नियमांतल्या चुकांचा, मोठा वाटा इथला आहे. मर्मेडच्या फ्लोचार्टमध्ये [नोंदणी (नवीन)] असं लिहिलं की कंस आकाराची खूण समजला जातो आणि आकृती मोडते. ["नोंदणी (नवीन)"] असं दुहेरी अवतरणात लिहिलं की काम होतं. माझ्या मते अवतरण गरज नसतानाही घालावं. सवय लागली की हा प्रश्नच उरत नाही.

‘एंड’ हा शब्द छोट्या रोमन अक्षरांत नोडचं नाव म्हणून वापरला तरी फ्लोचार्ट मोडतो. मोठी अक्षरं वापरली की चालतं. जोडरेषेला चिकटून रोमन छोटा ‘ओ’ किंवा ‘एक्स’ आला तर रेषेच्या टोकाला गोल किंवा फुली उमटते. मध्ये एक रिकामी जागा सोडा. सिक्वेन्स डायग्राममध्ये (कोण कोणाला कोणत्या क्रमाने संदेश पाठवतं ते दाखवणाऱ्या आकृतीत) संदेशातला अर्धविराम म्हणजे ओळ संपली असा अर्थ लागतो.

ग्राफव्हिझमध्ये अपूर्णविराम जास्त फसवा आहे, कारण आकृती निघते, पण चुकीची. टप्पा:१ -> टप्पा:२ असं लिहिलं तर दोन नोड मिळत नाहीत. अपूर्णविरामानंतरचा भाग ‘पोर्ट’ (चौकटीवर बाण जोडायची जागा) समजला जातो, म्हणून ‘टप्पा’ नावाचा एकच नोड येतो आणि बाण त्याच्यातूनच निघून त्याच्यातच शिरतो. पोर्ट ओळखता आला नाही अशी सूचना येते, ती वाचा. अवतरणात "टप्पा:१" लिहिलं की दोन नोड दिसतात. नावातल्या जोडचिन्हालाही अवतरण लागतं. आणि दिशा असलेल्या आलेखात -> तर दिशा नसलेल्यात -- वापरायचं असतं. सरमिसळ चालत नाही.

देवनागरी अक्षरं

मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. ग्राफव्हिझमध्ये नोटो सॅन्स देवनागरीसारखा फॉन्ट आलेख, नोड आणि एज (बाण) या तिघांना वेगवेगळा सांगावा लागतो. आलेखाला दिलेला फॉन्ट नोडला लागत नाही. अक्षरं चौकटीबाहेर सांडत असतील तर कारण वेगळं. चौकटीची रुंदी आकृती बनवणाऱ्या संगणकावरच्या फॉन्टवरून मोजली जाते, पण एसव्हीजी (आकृती रेषा आणि मजकूर म्हणून साठवणाऱ्या) फाइलमध्ये मजकूर मजकूरच राहतो आणि पाहणाऱ्याच्या संगणकावर दुसरा फॉन्ट लागतो. बाहेर पाठवायची आकृती पीएनजी, म्हणजे ठिपक्यांचं चित्र, करा.

प्रश्नचिन्हं दिसणं हा एन्कोडिंगचा (अक्षरं संगणकात साठवण्याच्या पद्धतीचा) घोटाळा. प्लँटयूएमएल जावावर चालतं. जावाच्या १८व्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हे मूळ एन्कोडिंग आहे; जुन्या जावावर प्लँटयूएमएलला ते आदेशातच सांगा.

प्लँटयूएमएलच्या तीन गोष्टी

सिक्वेन्स डायग्राम चालतो, पण क्लास डायग्राम (प्रोग्रामच्या घटकांची आकृती) काढायला गेलं की डॉट सापडत नाही अशी तक्रार येते. बऱ्याच आकृत्यांसाठी प्लँटयूएमएल ग्राफव्हिझवर अवलंबून आहे. ते इन्स्टॉल करा किंवा स्मेटाना हा अंगभूत लेआउट निवडा. मोठं पीएनजी कडेला कापलं जात असेल तर ४०९६ पिक्सेलची मूळ मर्यादा आड येते. ती वाढवता येते, किंवा एसव्हीजी घ्या.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. सार्वजनिक सर्व्हरवर आकृती काढली की जो लांबलचक पत्ता मिळतो, त्यात तुमचा सगळा मजकूर असतो. तो दाबून लहान केलेला असतो, कुलूपबंद नसतो. पत्ता मिळालेल्या कोणालाही तो उलगडून वाचता येतो. कामाच्या ठिकाणच्या सर्व्हरांची नावं, अंतर्गत रचना असं काही असेल तर सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावरच चालवा.

चूक सापडत नसेल तेव्हा

एररमधला ओळ-क्रमांक नेहमी नेमका नसतो. न मिटलेलं अवतरण दहा ओळी वर असू शकतं. फाइलचा अर्धा भाग कॉमेंट करा (म्हणजे सॉफ्टवेअर तो वगळेल अशी खूण करा), चालतंय का बघा, मग उरलेल्या अर्ध्याचा अर्धा. मर्मेडमध्ये कॉमेंट %% ने सुरू होते, पण कॉमेंटमध्ये महिरपी कंस टाळा, तिथेही गोंधळ होतो.

एका ठिकाणी चालणारी आकृती दुसऱ्या ठिकाणी मोडली, तर मजकुरात चूक शोधण्याआधी व्हर्जन पाहा. गिटहबसारख्या, कोड ठेवायच्या ठिकाणी मर्मेडचं कोणतं व्हर्जन असेल ते आपल्या हातात नसतं. आकृतीच्या जागी फक्त ‘इन्फो’ हा शब्द रोमन छोट्या अक्षरांत लिहिला की चालू व्हर्जनचा आकडा दिसतो.