शिबे: ओळख, उपचार आणि पुन्हा होऊ नयेत म्हणून

कोकणात पावसाने मुक्काम ठोकला की दांडीवरचे कपडे सुकत नाहीत, घाम अंगावरच राहतो आणि मान, छाती, पाठ व दंड यांवर फिकट किंवा तपकिरी चट्टे दिसू लागतात. चट्ट्यावरून नख हलकेच फिरवल्यास गव्हाच्या कोंड्यासारखा बारीक भुसा निघत असेल, तर ती बहुधा शिबे असतात. मालासेझिया ही बुरशी निरोगी त्वचेवरही असतेच. उष्णता, दमटपणा आणि तेलकटपणा मिळाला की ती वाढते आणि त्वचेच्या रंगात फरक पडतो. शिबे अस्वच्छतेमुळे होत नाहीत आणि एकाची दुसऱ्याला लागतही नाहीत, त्यामुळे घरात कोणाला वेगळे बसवण्याचे कारण नाही.

उपचारासाठी २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू वापरतात. तो केवळ चट्ट्यांवर न लावता मानेपासून कमरेपर्यंत ओल्या अंगावर लावावा, पाच मिनिटे राहू द्यावा आणि मग धुवावा. असे रोज एकदा, जास्तीत जास्त पाच दिवस करावे. लावल्या लावल्या पाणी ओतले तर औषध वाया जाते. गरोदर स्त्रिया व लहान मुलांसाठी आधी डॉक्टरांना विचारावे.

गुण आला की नाही, हे रंगावरून नव्हे, भुशावरून ठरवावे. भुसा निघेनासा झाला म्हणजे बुरशी आटोक्यात आली. रंग पूर्ववत होण्यास मात्र काही महिने लागतात आणि तेवढ्या काळात घाबरून औषधे बदलत राहणे व्यर्थ आहे. स्टेरॉइड मिसळलेली मलमे तर स्वतःच्या मनाने लावूच नयेत. अंगाला खोबरेल चोळण्याची आपल्याकडची सवयही (कितीही प्रिय असली तरी) या काळात थांबवावी, कारण प्रयोगशाळेतसुद्धा ही बुरशी वाढवायची तर तेल घालावे लागते.

चट्टा दुधासारखा पांढरा असून भुसा नसेल तर कोडाची, आणि कडा लाल, गोल व खाजऱ्या असतील तर नायट्याची शक्यता असते. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर विलंब न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे उपचार तेथे मोफत मिळतात.

ज्यांना दरवर्षी शिबे होतात, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने उन्हाळ्याच्या तोंडीच तोच शाम्पू रोज एकदा, सलग तीन दिवस लावावा.