एक्झिक्युटरचं कमिशन १०४० मध्ये (अमेरिकेच्या वैयक्तिक आयकर विवरणपत्रात) कुठे दाखवायचं?

न्यू जर्सीत मृत्युपत्राचा एक्झिक्युटर (त्याची अंमलबजावणी करणारा) म्हणून काम केलं की कायद्याने कमिशन मिळतं: इस्टेटीच्या, म्हणजे मृताच्या मालमत्तेच्या, पहिल्या २ लाख डॉलरवर ५ टक्के, पुढे १० लाखांपर्यंत ३.५ टक्के, त्यावर २ टक्के. म्हणजे ४ लाखांच्या इस्टेटीवर १७,००० डॉलर. वारसा म्हणून आलेल्या रकमेवर फेडरल आयकर नाही, पण कमिशन हा कामाचा मोबदला, त्यामुळे पूर्ण करपात्र. तुम्ही वारसही असाल तर दोन्ही चेक इस्टेटीच्या एकाच खात्यातून येतात, म्हणून गल्लत होते. चेक वेगवेगळे काढा आणि मेमोत स्पष्ट लिहा.

एकमेव वारस तुम्हीच असाल, तर आधी हिशोब करा. २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये १७,००० वर ३,७४० डॉलर कर जाईल. इस्टेटीला त्या खर्चाच्या वजावटीचा उपयोग नसेल तर हे नुकसानच. कमिशन नको असेल तर नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत लेखी नकार द्या आणि मग इस्टेटीच्या विवरणपत्रात त्याची वजावट मागू नका. मागितलीत, तर नकाराला अर्थ उरत नाही.

कमिशन घेतलंत आणि हा तुमचा व्यवसाय नसेल, तर रक्कम १०४० सोबतच्या शेड्यूल १ च्या ८झेड (इतर उत्पन्न) ओळीत, शेजारी ‘एक्झिक्युटर फी’ असं लिहून. शेड्यूल सी (स्वतःच्या व्यवसायाच्या उत्पन्नाचं पान) नको. सॉफ्टवेअरमध्ये ‘स्वतःचा व्यवसाय’ निवडला गेला तर शेड्यूल एसई (स्वयंरोजगार कराचं पान) आपोआप जोडलं जातं आणि १७,००० वर सुमारे २,४०० डॉलर विनाकारण वाढतात. पाठवण्यापूर्वी ते पान नक्की तपासा. वकील किंवा सीपीए (परवानाधारक लेखापाल) हेच काम नेहमी करत असेल, तर मात्र शेड्यूल सी आणि तो जादा करही लागतो. इस्टेटीत चालू दुकान असून तुम्ही ते स्वतः चालवलंत, तर त्या कामाच्या मोबदल्यालाही स्वयंरोजगार कर लागू होतो.

वर्ष कोणतं? पैसे हातात आले ते, काम कधीही झालेलं असो. १०९९ (दिलेल्या रकमेची नोंद असलेला फॉर्म) आला नाही तरी उत्पन्न दाखवावंच लागतं. टपाल, प्रवास असा पदरचा खर्च इस्टेटीकडून पावतीनिशी वेगळा परत घ्या. तो उत्पन्नात येत नाही. कमिशनमध्ये मिसळलात तर त्यावरही कर भराल.

इस्टेटीच्या बाजूने हीच रक्कम तिच्या आयकर विवरणपत्राच्या, म्हणजे फॉर्म १०४१ च्या, १२व्या ओळीत वजावट म्हणून जाते. इस्टेट टॅक्सचा (मृताच्या मालमत्तेवरच्या कराचा) फॉर्म ७०६ भरावा लागत असेल तर वजावट दोन्हींपैकी एकाच ठिकाणी.

या चेकमधून कर कापलेला नसतो. वर्षाअखेर १,००० डॉलर किंवा जास्त देणं निघणार असेल, तर १०४०-ईएस या फॉर्मने आगाऊ कराचा हप्ता भरा, नाहीतर दंड लागू शकतो. पगार चालू असेल तर डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणारा फॉर्म) बदलून जादा रक्कम कापून घेणं सर्वांत सोपं.