मीटरवरचे सगळे दिवे एकदम पेटले? मॉड्यूल बदलण्याआधी साठ ओहम शोधा

सोयाबीन निघालं की आमच्याकडे कुटाराचा (मळणीनंतरच्या भुशाचा) ढीग गोठ्याजवळ पडतो, आणि गाडीही तिथेच उभी असते. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चावी फिरवली तर एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग, चेक इंजिन असे सगळे दिवे एकदम पेटले. गाडी चालत होती, पण स्पीडचा काटा शून्यावरून हलेना. तालुक्याच्या गॅरेजात सांगितलं, "भाऊ, एबीएसचं मॉड्यूल गेलं, नवीन टाकावं लागते." ते मॉड्यूल आजही त्याच गाडीत आहे आणि नीट चालतं आहे.

तीन-चार यंत्रणा एकाच रात्रीत सहसा मरत नाहीत. बहुतेक वेळा त्यांचं आपसातलं बोलणं तुटलेलं असतं. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, मीटर यांचे छोटे संगणक, म्हणजेच मॉड्यूल, एकमेकांत पीळ घातलेल्या दोन वायरींवरून बोलतात. ही कॅन नावाची पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे आणली. एका वायरीला कॅन-हाय म्हणतात, दुसरीला कॅन-लो. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा देणारा छोटा भाग) असतो. हे दोन समांतर जोडलेले असल्यामुळे मल्टीमीटरवर ६० ओहम दिसतात. साधा डिजिटल मल्टीमीटर आणि गाडीतले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथवाला स्कॅनर असला तर निम्मा तपास घरीच होतो.

आधी बॅटरी पाहा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना व्होल्टेज नऊच्या खाली गेलं तर मॉड्यूल मधेच बंद पडून उगाच कोड टाकतात. मग अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी असलेली जोडणी, तपासा. गाडी चालू ठेवून, दिवे-पंखा लावून, मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा. ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी काढून, घासून पुन्हा घट्ट बसवा. काळ्या मातीचा चिखल तिथे सुकून बसला की खाली गंज धरतो, आणि वरून काहीच कळत नाही.

आता स्कॅनर. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. स्कॅनरचा दिवाच लागत नसेल तर १६ नंबरच्या पिनवर करंट येतो का पाहा. बऱ्याच गाड्यांत तिचा फ्यूज मोबाइल चार्जरच्या सॉकेटशी सामायिक असतो, त्यामुळे चार्जरने फ्यूज उडवला की स्कॅनरही मुका होतो. दिवा लागला तर 'यू'ने सुरू होणारे कोड वाचा. यू०१०० म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलचा संपर्क तुटला, यू०१२१ म्हणजे एबीएसचा. तक्रार कोण करतंय यापेक्षा गैरहजर कोण आहे ते बघा. सगळे मिळून एकाच मॉड्यूलचं नाव घेत असतील तर त्याचा फ्यूज, अर्थिंग आणि कपलर (वायरींचा प्लग) आधी तपासा. कोणीच बोलत नसेल तर दोष मुख्य वायरींत असण्याची शक्यता जास्त.

ओहम मोजण्याआधी चावी काढा, बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा आणि दहा मिनिटं थांबा. मग सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजा. ६० म्हणजे टोकं शाबूत. १२० म्हणजे एका टोकापर्यंतची वायर कुठेतरी तुटली. शून्याजवळ म्हणजे दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या. अशा वेळी एकेक मॉड्यूलचा कपलर काढत मल्टीमीटरकडे लक्ष ठेवा, ज्याने आकडा सुधारेल तिकडेच शोधायचं. ४० च्या आसपास दिसलं तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर जोडलेला असतो, म्हणून बाहेरून बसवलेलं जीपीएस किंवा रिमोट लॉक आधी काढून बघा. काही नव्या गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे मॉड्यूल, म्हणजे सॉकेट आणि बाकी वायरींच्या मधला संगणक, असतं. तिथे हा आकडा फक्त गेटवेपर्यंतच्या वायरीचा असतो.

बॅटरी जोडून चावी ऑन केली की दोन्ही वायरींवर अडीच व्होल्टच्या अल्याड-पल्याड दिसायला हवं, हायवर थोडं जास्त, लोवर थोडं कमी. एखादीवर बारा दिसले तर ती करंटच्या वायरीला लागली आहे, शून्य दिसलं तर बॉडीला. या वायरींना टेस्ट लॅम्प कधीही लावू नका. पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका.

आमच्या गाडीत १२० आले. वायरी चाचपत पुढे गेलो, तर बॅटरीच्या ट्रेखाली कुटाराचं छोटंसं घरटं आणि उंदराने कुरतडलेली वायर. पिवळ्या इन्सुलेशनचे तुकडे तांदळाच्या कण्यांसारखे पडलेले, आणि तांब्याची दोन टोकं वेगळी झालेली. नुसती पिळून टेप गुंडाळू नका, पावसाळ्यात तिथेच हिरवी कीट चढते. सोल्डर करा, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा. दोन्ही वायरी तुटल्या असतील तर दोन सांधे समोरासमोर येऊ देऊ नका, आणि सांध्यानंतर पीळ पुन्हा घाला, कारण बाहेरचा विजेचा गोंगाट तो पीळच अडवतो.

शेवटी कोड पुसा आणि गाडी खड्ड्यांच्या रस्त्याने दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. पुन्हा स्कॅन केल्यावर एखादा कोड परत आला, तर बोनेट उघडून चालू गाडीत वायरिंग हळूहळू हलवत जा, आणि कुठे हात लावल्यावर दिवा चमकतो ते दुसऱ्या माणसाला गाडीच्या मीटरवर बघायला सांगा.