जिनिव्हाच्या अर्जात नंदुरबार लिहा

स्त्रियांच्या मानवी हक्कांवर परदेशात इंटर्नशिप करायची असेल तर अर्जात ‘मला समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य लिहू नका. ते सगळेच लिहितात. जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यांकडे त्याहून भक्कम गोष्ट आहे, पण आपल्याला तिचीच लाज वाटते!

उदाहरण घ्या. नंदुरबारकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर बाईला ‘डाकीण’ ठरवून छळतात. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनं अशा आरोपांतून होणाऱ्या छळावर २०२१ मध्ये ठराव केला. भारतानं १९९३ मध्ये मान्य केलेल्या ‘सीडॉ’ (स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय) कराराचं कलम ५ रूढी आणि पूर्वग्रह बदलायला सांगतं. हे तिन्ही जोडून इंग्रजीत पाच पानं लिहा; अर्जासोबत जोडायचा लेखनाचा नमुना तयार. त्याआधी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिनाभर काम करा. पीडितेचं नाव-गाव मात्र कुठेही येऊ देऊ नका. अहिराणी, भिली येत असेल तर तेही ठळक लिहा.

पैशांचं आधी बघा. जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते. प्रवास, व्हिसा, विमा, राहणं सगळं आपलंच, आणि शहर भयंकर महाग. क्वालालंपूरची ‘इव्रॉ (IWRAW) एशिया पॅसिफिक’ ही संस्था सीडॉवरच काम करते, तिथली संधीही तपासा.

संयुक्त राष्ट्रं अर्जासाठी एक रुपयाही घेत नाहीत. ‘फी भरा, जागा पक्की’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.