शास्त्रीय गाणं ऐकायचंय? भूपापासून सुरुवात करा

‘मला त्यातलं काही कळत नाही’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या कानात राग आधीच मुरलेले असतात. नाट्यगीतं, अभंग, भावगीतं ऐकत मोठं झालेल्या माणसाने भूप, यमन, भैरवी शेकडो वेळा ऐकलेले असतात, फक्त त्यांची नावं ठाऊक नसतात. म्हणून आधी रागांची माहिती पाठ करत बसू नका. एकच राग घ्या आणि महिनाभर त्याच्या सोबतीने राहा. मी भूप सुचवेन.

भूपात पाचच स्वर आहेत: सा, रे, ग, प, ध. मध्यम (म) आणि निषाद (नी) नाहीत. घरात पेटी असेल किंवा फोनवर तिचं ॲप असेल, तर काळी तीन (सप्तकातली तिसरी काळी पट्टी) हा सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्यांवर बोटं फिरवा. काळी तीन, चार, पाच, मग वरच्या सप्तकातल्या काळी एक आणि दोन. झाला भूपाचा आरोह, म्हणजे चढता स्वरक्रम. हे पाच मिनिटं करून मगच गाणं लावा. कान एकदम वेगळा होतो.

आता किशोरी आमोणकरांचा भूप ऐका, ज्यात ‘सहेला रे’ ही द्रुत (जलद लयीतली) बंदिश, म्हणजे बांधलेली गीतरचना, आहे. पहिल्या वेळी काहीही शोधू नका. मागे सतत वाजणाऱ्या तानपुऱ्याचा सा मनात धरून ठेवा आणि गाणारीचा आवाज तिथून किती लांब जाऊन परत येतो एवढंच पाहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ध्वनिमुद्रण लावा. या वेळी द्रुत बंदिशीला हाताने ताल धरा. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळीऐवजी मोकळा हात. खालीच्या आसपास डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या खर्जातल्या वाद्याचा) घुमारा नाहीसा होतो आणि समेआधी, म्हणजे पहिल्या मात्रेआधी, परत येतो. तो कानाला सापडला की मोजायची गरजच राहत नाही. गाणं समेवर आलं की मान आपोआप हलते. ती हलू द्या!

विलंबित ख्यालाला, म्हणजे संथ लयीतल्या विस्ताराच्या गायनाला, घाबरून बरेचजण सोडून देतात. तिथे मात्रा मोजू नका. ‘गंधारावर (ग वर) किशोरीताई किती वेळ थांबल्या?’ एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. भूपाचा जीव त्या गंधारात आहे. नंतर कधीतरी सकाळी देशकार ऐका. स्वर तेच पाच, पण देशकारात जोर धैवतावर (ध वर) असतो. त्यामुळे भूप शांतपणे बसलेला वाटतो आणि देशकार उठून चालायला लागलेला. राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नाही, हे मला कोणत्याही व्याख्येपेक्षा या जोडीने जास्त नीट समजावलं.

वेळ थोडा असेल तर जुन्या तबकड्यांकडे वळा. त्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, त्यामुळे गाणाऱ्याला थेट गाभ्याला हात घालावा लागे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमऱ्या ऐका, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी ऐका. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर हीच भैरवी आहे.

रेडिओचं काम वेगळं आहे. ध्वनिमुद्रण तुम्ही निवडता, रेडिओ तुमच्यासाठी निवडतो. आकाशवाणीची ‘रागम्’ ही शास्त्रीय संगीताला वाहिलेली वाहिनी फोनवरच्या न्यूज ऑन एअर ॲपवर मिळते. तिथे कर्नाटक संगीतही भरपूर असतं, तेही कानावर पडू द्या. निवेदक कलाकार, राग आणि ताल सांगतात. जवळ छोटी वही ठेवा, रागाचं नाव लिहा आणि पुढे एकच शब्द: कसं वाटलं. जुन्या आकाशवाणी ध्वनिमुद्रणांत गाण्यामागे सारंगी फार ऐकू येते. 1940 पासून तीसेक वर्षं रेडिओवर पेटीला बंदी होती, हे त्याचं एक कारण.

आणि मग मैफलीला जा, फार तयारीची वाट पाहू नका. पहिली मैफल छोटीच असू द्या. गावातल्या गायन-तबल्याच्या क्लासमध्ये विचारा, गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम बहुधा सगळ्यांसाठी खुले असतात. संगीत मंडळांच्या बैठका, मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला होणारी संगीतसभा, पुण्यात डिसेंबरमधला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, हे टप्प्याटप्प्याने येईल. थोडं लवकर पोचा, कारण तानपुरे जुळताना ऐकणं हीच अर्धी शिकवणी असते. शक्यतो पुढे आणि तबल्याच्या बाजूला बसा, म्हणजे गायक आणि तबलजी यांची नजरानजर दिसते. उठायचंच असेल तर राग संपल्यावर उठा. फोन बंद करून पिशवीत टाका. दाद द्यावीशी वाटली तर द्या, पण शेजाऱ्याने दिली म्हणून देऊ नका.

सवाईला गेलात तर शेवटच्या दिवशी गर्दी टाळायला लवकर निघू नका. भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मृतीसाठी 1953 साली हा महोत्सव सुरू केला. तिथली प्रथा अशी, की सगळं गाणंबजावणं संपल्यावर खुद्द सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली जाते. मंच रिकामा असतो आणि हजारो माणसं जागेवर थांबून ऐकत असतात.